ओहायोची जबाबदारी माझ्यावर

१४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कारण आजचा दिवस ऐतिहासिक आहे.

सकाळी निमिष आणि इशिता, म्हणजे मुलगा आणि सून, कामाला गेले. नात इला पोहायला गेली. घर रिकामं. चहा केला. थोड्या वेळाने आणखी एक केला. मग कॉम्प्युटर उघडला तर गव्हर्नर एल्डन प्रुइट यांची मेल. मला, नावानिशी. 'उल्हास, तुझ्याशिवाय मला हे जमणार नाही. तू आहेस ना?'

प्रुइटसाहेब म्हणजे नेब्रास्काचे माजी गव्हर्नर. वय त्र्याऐंशी, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. मागच्या आठवड्यात त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहत असल्याचं जाहीर केलं. इथे आधी पक्षातल्या पक्षात निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. आपल्याकडे तिकिटासाठी मुंबईला साहेबांच्या बंगल्याबाहेर बसून राहावं लागतं, इथे लोकच मतं देऊन तिकीट ठरवतात. टीव्हीवर त्यांची बातमी अगदी शेवटी आली, एका हरवलेल्या कुत्र्याच्या बातमीनंतर, आणि सांगणारी बाई हसली. मला ते हसणं फार लागलं. तिथल्या तिथे त्यांच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, माजी उपनगराध्यक्ष, कासारखेडे नगरपालिका, महाराष्ट्र.

आणि आज ही मेल. माजी माणसाला माजी माणूस बरोबर ओळखतो.

तीन पानी उत्तर पाठवलं. 'आहे' हे पहिल्याच ओळीत लिहिलं.

१५ ऑगस्ट

यूट्यूबवर झेंडावंदन पाहिलं. उभं राहून. राष्ट्रगीत संपल्यावर 'बसा' म्हणायला कुणी नव्हतं, स्वतःच बसलो.

माझं उत्तर परत आलं. पोहोचू शकत नाही म्हणे. एवढ्या मोठ्या माणसाचा मेलबॉक्स भरलेलाच असणार. मात्र दुपारी साहेबांची दुसरी मेल: 'उल्हास, माझी कालची मेल वाचलीस का?' म्हणजे वाट बघतायत. बिचाऱ्यांना चैन नाही. पुन्हा उत्तर पाठवलं.

निश्चय: सहाला उठणे. दुपारी न झोपणे. गोड बंद. रोज इंग्रजी बातम्या मोठ्याने वाचणे.

१६ ऑगस्ट

दुपारी जरा आडवा झालो. उठलो तेव्हा निमिषची गाडी गॅरेजमध्ये शिरत होती. बाकी निश्चय चालू. श्रीखंड गोडात धरायचं की दुधात, हे ठरायचंय.

१९ ऑगस्ट, शनिवार

जेवताना विषय काढला. निमिषचा पहिला प्रश्न, कुठल्या पार्टीचे? मी म्हटलं, माणूस बघावा, पार्टी काय बघायची. खरं म्हणजे ते बघायचं माझं राहूनच गेलं होतं. इलाने फोनवर पाहून सांगितलं. निमिष आणि इशिताने एकमेकांकडे पाहिलं.

इला म्हणाली, 'आजोबा, दोज आर ऑटोमेटेड. एव्हरीबडी गेट्स देम.' मी विचारलं, तुला आली का? नाही म्हणाली. मग झालं तर.

निमिषने पुन्हा ते सीनियर सेंटरचं काढलं. सकाळी व्हॅन घ्यायला येते, चारला परत सोडते. कॅरम, अंताक्षरी, खुर्चीत बसून योगा. गुजराती खाणं असतं, बाबा, तुम्हाला आवडेल. मी म्हटलं, अरे, ज्या माणसाने कासारखेड्यात रस्त्यांचं डांबरीकरण केलं त्याला तू खुर्चीत बसून हात वर करायला लावणार? तो म्हणाला, बाबा, तुम्ही दिवसभर घरात एकटेच असता, मला ऑफिसात बरं वाटत नाही. मी म्हटलं, तू तुझं ऑफिस बघ. जेवणानंतर श्रीखंड घेतलं. दुधात धरलं.

२४ ऑगस्ट

फोन आला! प्रचार कार्यालयातून एका मुलीचा. ओहायोसाठी, म्हणजे आमच्या राज्यासाठी, तुमच्याकडे वेळ आहे का, म्हणाली. मी म्हटलं, वेळेची काळजी करू नका. ओहायोत अजून कोण कोण आहे, असं विचारलं तर ती म्हणाली, तूर्तास तुम्हीच.

म्हणजे अख्खं राज्य माझ्याकडे. कासारखेड्यात मला तीन वॉर्ड द्यायला पक्षाने आठ वर्षं लावली होती.

काम असं आहे: साहेबांचं नाव मतपत्रिकेवर यायचं तर ओहायोतल्या मतदारांच्या एक हजार सह्या गोळा करायच्या. कोरे कागद पोस्टाने येतील. मी तिला म्हटलं, बाई, निवेदनावर सह्या गोळा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पाणीटंचाईच्या वर्षी मी एसटी स्टँडवर उभं राहून एका दुपारी कलेक्टरसाठी दोन वह्या भरल्या होत्या. ती म्हणाली, वाव.

२ सप्टेंबर, शनिवार

कागद आले. सोबत अंगणात रोवायची एक पाटी, साहेबांचा हसरा फोटो आणि खाली 'प्रुइट'. निमिष म्हणाला, सोसायटीच्या नियमात एवढ्या आधी पाटी लावता येत नाही. ठीक आहे. माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी उठल्यावर समोर कुणीतरी हसत असलं की बरं वाटतं.

पहिल्या कागदावर पहिली सही माझी. सुरुवात घरापासून.

मग निमिष आणि इशिताची घेतली. इला सतरा वर्षांची आहे, तिची नको म्हणाली तीच. निमिषने सही करता करता विचारलं, बाबा, तुमची चालते का? तुम्ही सिटिझन कुठे आहात? मी म्हटलं, पंधरा वर्षं इथली हवा खातोय, सहीला काय होतंय.

सिटिझनशिपचा फॉर्म मीच थांबवून ठेवलाय, हे त्याला माहीत आहे. कारण भारताचा पासपोर्ट गेला की तिकडे उभं राहता येत नाही. मधे श्रीरंग देशमुखला, आमच्या जुन्या तालुकाध्यक्षाला, फोन केला होता. तो म्हणाला, अण्णा, तुमची आठवण निघते. आठवण निघते म्हणजे निरोप कधीही येऊ शकतो.

९ सप्टेंबर, शनिवार

घरोघरी प्रचार. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही. लॉन आहेत, बास्केटबॉलच्या जाळ्या आहेत, माणसं कुठे आहेत देव जाणे. बेल दाबली की दाराच्या कॅमेऱ्यातून आवाज येतो. एका दारातून बाई म्हणाली, पॅकेज तिथेच ठेव. मी दाराला नमस्कार केला, माझं नाव सांगितलं, 'ताई, माई, अक्का' चं मी केलेलं इंग्रजी भाषांतर म्हणून दाखवलं. ती म्हणाली, थँक यू, तिथेच ठेव.

चौदा दारांशी बोललो. एका दाराने मला पाणी हवंय का, असं विचारलं. चांगलं होतं ते दार.

संध्याकाळी निमिषने फोन दाखवला. शेजाऱ्यांच्या ग्रुपवर माझा फोटो होता, खाली लिहिलेलं: वृद्ध गृहस्थ, हरवले असावेत, कुणी ओळखतं का? मी म्हटलं, नाव पोहोचायला सुरुवात झाली.

२३ सप्टेंबर, शनिवार

दणदणीत यश!

आज महाराष्ट्र मंडळाचा गणपती, भाड्याच्या हॉलमध्ये. आरती झाल्यावर प्रसादाची रांग लागली आणि मी रांगेच्या तोंडाशी टेबल टाकलं. आधी सही, मग मोदक. कुणीही का कू केलं नाही. 'द्या काका, कुठे करायची?' म्हणत सगळे करत गेले. कालच पुण्याहून व्हिसावर आलेली दोन पोरं, ती तर अजून बॅगा उघडल्या नाहीत म्हणत होती, त्यांनीही केली. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील सगळ्यात उत्साही. एक गृहस्थ स्वतःची करून बायकोचीही करायला निघाले होते. मी म्हटलं, अहो, इथे लोकशाही आहे, वहिनींना करू द्या.

कसली सही आहे, हे कुणी विचारलं नाही. निवेदन वाचून सही करणारा माणूस मी कासारखेड्यातही पाहिला नाही. एका काकूंना वाटलं, हॉलच्या पार्किंगसाठी आहे. मी खुलासा केला नाही. साहेब निवडून आले की पार्किंगचंही बघतील.

मंडळाची अध्यक्ष स्वानंदी आली आणि म्हणाली, काका, रांग अडलीय, मोदक गार होतायत, आणि मंडळात पॉलिटिक्स चालत नाही, आमचं नॉनप्रॉफिट स्टेटस जाईल. फार गोड बोलते. मी टेबल हलवलं, दोन फूट. मग जाता जाता तिने स्वतःही सही केली. लोकांना आतून पाठिंबा असतोच.

१ ऑक्टोबर

मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून मला काढलं. गणपतीपासून मी साहेबांची रोजची मेल तिथे टाकत होतो, मराठी अनुवादासह. विरोधकांचं कारस्थान. विरोधक कोण, ते शोधतोय.

१२ ऑक्टोबर

तब्येत जरा नरम. पडून होतो.

इथे घर फार शांत असतं. फ्रिजचा आवाज येतो, मधेच बंद होतो, तेव्हा दचकायला होतं. उपनगराध्यक्ष होतो तेव्हा सकाळी पालिकेची जीप यायची. दोनदा हॉर्न. प्रमिला स्वयंपाकघरातून म्हणायची, 'अहो, गाडी आली तुमची.' निवडणुकीत पडलो त्या वर्षी जीप दोन घरं सोडून पुढे जायला लागली, नव्या माणसाकडे. हॉर्न आमच्याकडे ऐकू यायचाच. त्या वेळेला प्रमिला रेडिओ मोठा करायची. मला कधी बोलली नाही. ती गेली त्यालाही आता पाच वर्षं होतील. आज तिची फार आठवण आली.

आज साहेबांच्या तीन मेल आल्या. 'उल्हास, आहेस ना?' आहे, आहे.

२० ऑक्टोबर

मोठी बातमी. गव्हर्नरसाहेब स्वतः येतायत! इंडियानातून पेनसिल्वेनियाला गाडीने जाणार आहेत, वाटेत आमचं कोलंबस. त्या मुलीने विचारलं, तुमच्याकडे जागा आहे का? मी म्हटलं, बेसमेंट आहे.

अठरा नोव्हेंबर, शनिवार, चार वाजता. तिथी पाहिली, चांगली आहे. निमिष म्हणाला, बाबा, त्याच संध्याकाळी मंडळाची दिवाळी आहे, सगळी मराठी मंडळी तिकडे असणार. मी म्हटलं, अमेरिकेचा होणारा राष्ट्राध्यक्ष येतोय म्हटल्यावर मंडळ दिवाळी पुढे ढकलेल.

५ नोव्हेंबर

साठ जणांना फोन केले. सगळे म्हणतात, 'नक्की काका, ट्राय करतो.' ट्राय करतो म्हणजे येतोच.

दिवाळी पुढे ढकलल्याचं अजून कळलं नाही. ग्रुपवर नाही ना मी, कळणार कसं.

सत्काराची तयारी: नारळ इंडियन ग्रोसरीतून आणवला. शालीचा प्रश्नच नाही. कपाटात माझ्या सत्काराच्या सतरा शाली आहेत. त्यातली एक, विडी कामगार सोसायटीने दिलेली, घडीसुद्धा मोडलेली नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार

सभा यशस्वी झाली. सविस्तर लिहितो.

घरचे तिघंही दोनलाच दिवाळीला गेले. निमिषकडे साउंड, इशिताचा डान्स, इला निवेदन करणार. निमिषने दारात बूट घालता घालता दोनदा विचारलं, बाबा, मी थांबू का? मी म्हटलं, साठ माणसं येतायत, तुझी अडचणच होईल.

बेसमेंटमध्ये खुर्च्या मांडल्या, सहा रांगा. मग पोह्यांना लागलो. साठ माणसांची फोडणी म्हणजे काय चेष्टा आहे? मिरच्या पडल्या आणि घरातले सगळे स्मोक अलार्म एकदम बोंबलायला लागले. खिडक्या उघडल्या, पंखे लावले, थांबेनात. खोलीतून पाटी आणून अलार्मखाली हलवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात एक उंच, वाकलेला म्हातारा, हातात हॅट. अलार्मची तक्रार घेऊन आलेला शेजारी समजून मी सॉरी सॉरी म्हटलं. त्याने माझ्या हातातून पाटी घेतली आणि तोच हलवायला लागला. उंच असल्यामुळे त्याला चांगलं जमत होतं. अलार्म थांबला. त्याने पाटी खाली घेतली तेव्हा फोटो आणि चेहरा शेजारी शेजारी आले, आणि माझ्या लक्षात आलं. फोटो वीसेक वर्षांपूर्वीचा असावा.

गव्हर्नरसाहेब एकटेच होते. स्वतः गाडी चालवत आले. मी बाहेर जाऊन समोरच्या झुडपांत पाहिलं, सिक्युरिटी दिसली नाही. लपण्यात तरबेज असतात ही माणसं.

चार वाजले. साडेचार झाले. साहेब पहिल्या रांगेत हॅट मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, आमच्या लोकांचा टाइम जरा पुढे असतो. ते म्हणाले, आयोवातल्यांचाही तसाच होता. पाचला त्यांनी हळूच विचारलं, सुरू करायचं का?

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. प्रास्ताविक मी केलं. प्रमुख पाहुण्यांचा परिचय मीच करून दिला, जन्मापासून. शाल-श्रीफळ दिलं. नारळाचं काय करायचं त्यांना कळेना, शेवटपर्यंत दोन्ही हातांत धरून होते. मग ते भाषणाला उभे राहिले आणि मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो, टाळ्या वाजवायला माणूस हवा. भाषण छान झालं. रिकाम्या खुर्च्यांकडेही बघून बोलत होते, सवय असते ती. शेवटी मी आभार मानले, उपस्थितांचेही.

मग पोहे. त्यांनी दोन प्लेटा खाल्ल्या. मी विचारलं, माझी टेक्सासबद्दलची सूचना वाचली का, मेलमधली? ते म्हणाले, मेल मी पाठवत नाही, ॲरिझोनातली एक कंपनी पाठवते, मला कॉम्प्युटर येत नाही. एवढ्या वरच्या पातळीवर असं बोलावंच लागतं. मी समजून घेतलं.

सह्यांचे कागद दिले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. 'कोथरूड कुठे आलं?' त्यांनी विचारलं. 'क्लीव्हलंडजवळ का?' मी म्हटलं, पुण्यात, भारतात. पाहुण्या मंडळींनी खरे पत्ते लिहिलेत, आमची माणसं खोटं लिहीत नाहीत. ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मीही हसलो, सह्या पाहून आनंद झाला असणार. मग त्यांनी विचारलं, 'उल्हास, तुला मत आहे?' मी म्हटलं, अजून नाही. ते म्हणाले, हरकत नाही, ज्यांना आहे ते तरी कुठे आलेत.

जाताना मी विचारलं, साहेब, खरं सांगा, या वयात का उभे राहिलात? मला वाटलं होतं, देशाबद्दल काही बोलतील. ते म्हणाले, 'मार्था गेल्यापासून घरी कुणी येत नाही. प्रचारात मी बेल वाजवली की लोक दार उघडतात. नाही म्हणायला का होईना, उघडतात.'

मी त्यांना सल्ला दिला की हे भाषणात घेऊ नका, मतदारांना कमजोर वाटेल.

मी माझं कासारखेड्याचं कार्ड दिलं, मागे इथला नंबर पेनने लिहून. थंडी होती, ते शाल पांघरूनच गेले. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होतो.

साठ लोक असते तर एवढी खोलात चर्चा झाली नसती, हे लक्षात घेतलं पाहिजे.

पोहे उरले. घरचे आल्यावर निमिष खाली आला, खुर्च्या पाहिल्या. गार पोह्यांची प्लेट घेऊन दुसऱ्या रांगेत बसला आणि खायला लागला. मग इशिताही भरजरी साडीत येऊन बसली. इलाने विचारलं, 'आजोबा, हाऊ वॉज इट?' मी म्हटलं, हाउसफुल्ल.

१९ नोव्हेंबर

पोहे.

२० नोव्हेंबर

पोहे. गोड बंद आहे, हा निश्चय पाळला जातोय.

१२ डिसेंबर

त्या मुलीचा फोन. सह्या तपासल्या म्हणे. धरता येतील अशा तीन. बाकी कुणी नोंदलेला मतदारच नाही. मी म्हटलं, माणसं तर आहेत ना? ती म्हणाली, मिस्टर पिंगळे, साहेबांनी मला सांगितलंय की तुमच्यावर रागवायचं नाही.

तीन म्हणजे निमिष, इशिता आणि स्वानंदी.

ओहायोच्या मतपत्रिकेवर साहेबांचं नाव येणार नाही. दिवसभर काही सुचलं नाही. दुपारी झोपलो नाही, झोप आली नाही म्हणून.

संध्याकाळी विचार केला. ओहायो गेलं तर गेलं, अजून एकोणपन्नास राज्यं आहेत. साहेबांना तसं कळवलं. मेल परत आली.

९ जानेवारी

इलाने कॉलेजचे फॉर्म भरता भरता मान वर करून सांगितलं, 'आजोबा, युवर गाय ड्रॉप्ड आउट.' मी म्हटलं, आधी मला कळवल्याशिवाय ते असं करणार नाहीत. मेल उघडली. होती. 'उल्हास, मी आज माझा प्रचार थांबवत आहे. तू होतास म्हणून इथवर आलो.'

कुठवर आलो, ते लिहिलेलं नाही.

११ जानेवारी

मेल नाही.

१२ जानेवारी

मेल नाही. लाइट बिलाची आली, निमिषच्या नावाची. पाटी खोलीतून काढून गॅरेजमध्ये ठेवली. मग परत आणली, गॅरेजमध्ये फार थंडी आहे.

१५ जानेवारी

सकाळी कॉम्प्युटर उघडला तर मेल होती. मला, नावानिशी. 'उल्हास, तुझ्याशिवाय मला हे जमणार नाही. तू आहेस ना?'

साहेब परत उभे राहिले म्हणून मी खुर्चीतून उठलोच. मग खालचं नाव पाहिलं. दुसराच उमेदवार. चव्वेचाळीस वर्षांचा, पांढरेशुभ्र दात. साहेबांच्या विरोधात उभा होता तो. शब्द तेच. स्वल्पविरामही तिथेच.

जुन्या मेल काढून वाचल्या. सगळ्या. सकाळ त्यातच गेली.

इलाला दाखवली नाही. तिला काय दाखवायचं, तिने ऑगस्टमध्येच सांगितलं होतं. उत्तराच्या जागी 'आहे' असं लिहिलं, मग खोडलं. मी आहे, पण हे त्याला कळवून काय उपयोग.

श्रीरंगला फोन लावला, कासारखेड्याला. त्याच्या मुलाने उचलला. म्हणाला, नगरपालिकेचं तिकीट या वेळी मलाच मिळतंय, काका, तुमचे आशीर्वाद असू द्या. दिले.

२१ जानेवारी, रविवार

निमिषला सांगितलं की त्या सीनियर सेंटरची एकदा पाहणी करायला हरकत नाही. फक्त पाहणी. त्याने लगेच फोन काढला, मग माझ्याकडे पाहून परत खिशात ठेवला आणि म्हणाला, बाबा, नको असेल तर नका जाऊ. मी म्हटलं, करून टाक. सिटिझनशिपचा फॉर्मही काढ म्हटलं. तो बराच वेळ माझ्या शेजारी बसून राहिला.

२९ जानेवारी, सोमवार

आज पाहणीचा पहिला दिवस. निमिष आणि इशिता कामाला गेले, इला शाळेला. इस्त्रीचा शर्ट घातला, बंद गळ्याचा कोट घातला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसलो. तेवढ्यात फोन वाजला. मला वाटलं, व्हॅनवाले असतील, रद्द झालं असेल तर बरं.

गव्हर्नर प्रुइट होते. नेब्रास्काहून, त्यांच्या घरून. मी विचारलं, साहेब, काही काम? ते म्हणाले, काम काही नाही, कोटाच्या खिशात तुझं कार्ड सापडलं. शाल अंगावर आहे म्हणाले, फार थंडी पडलीय. नारळ अजून तसाच आहे, तो फोडतात कसा? मी सांगितलं, बाहेर नेऊन ओट्यावर आपटा.

त्यांनी विचारलं, सकाळी काय करतोस, उल्हास? मी म्हटलं, सकाळी मी फार बिझी असतो. ते म्हणाले, मीसुद्धा. त्यानंतरही कुणी फोन ठेवला नाही. त्यांच्याकडेही फ्रिजचा आवाज येत होता.

मग बाहेर हॉर्न वाजला. दोनदा. तो त्यांनाही ऐकू गेला.

'तुला न्यायला गाडी आली वाटतं,' ते म्हणाले.

'हो. गाडी आली.'

'प्रचाराची?'

'हो,' मी म्हटलं.

'मग निघ तू. लोकांना ताटकळत ठेवू नये.'

व्हॅनमध्ये आधीच चार जण बसले होते. खिडकीची जागा मिळाली नाही. ड्रायव्हर बाईने माझा पट्टा लावून दिला आणि कोटावर एक स्टिकर चिकटवलं. त्यावर फक्त उल्हास लिहिलेलं होतं.